अठ्ठावीस दिवसांचं पाणी

वंदू,

तुला शेवटची आंघोळ घालायला गावातली एकही बाई पुढे येईना. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी, तुझी वहिनी, आधी तेच लिहून टाकते. अमरावतीच्या दवाखान्यातून तुला आणणारी गाडी आपल्या गल्लीत शिरली, तेव्हा बाया आपापल्या ओट्यावर उभ्या होत्या. तोंडाला पदर होता. दोघीतिघी रडतही होत्या. पण ओट्यावरून खाली कुणी पाय टाकला नाही. काविळीनं तुझं अंग हळदीसारखं पिवळं झालं होतं आणि गावानं आपापसात ठरवून टाकलं होतं, की हे किरणांचं काम आहे.

"अनुबॉम्बच्या मातीत काम करे ना थे. तिच्या आंगात अजून किरनं असतीन," कुणीतरी म्हणालं. मी गल्लीत उभी राहून ओरडले, की अहो, किरणांची माती हिनं आयुष्यात डोळ्यांनी पाहिली नाही, कावीळ पाण्यानं झाली, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी कागद दाखवला. कागद कोण वाचतं?

शेवटी जुबेदाबी आली. चांदूर बाजारच्या बाजारात बांगड्या विकणारी, आपल्या कोपऱ्यावरच्या घरातली जुबेदाबी. तिनं अंगणातली बादली उचलली आणि म्हणाली, "मी सत्तरची झाली. मले आता किरनं काय करतीन? चल, तू धर, मी पानी टाकते." आम्ही दोघींनी तुला न्हाऊ घातलं. तुझे मोकळे हात पाहून ती घरी जाऊन परत आली आणि दोन साध्या काळ्या बांगड्या तुझ्या हातात चढवल्या. प्रयोगशाळेत भट्टीजवळ काम करताना अडचण होते म्हणून तू कधी घातल्या नाहीस, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला अडवलं नाही. तुला राग आला असेल, तर माफ कर.

आता तुझी तेरवी होऊन चार दिवस झालेत. अंगणवाडीतली पोरं घरी गेली, की मी त्याच सतरंजीवर बसून हे लिहितेय.

मी या घरात आले तेव्हा तू नववीत होतीस, आणि सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. लोक म्हणायचे, वहिनीनं नणंदेला आईसारखं सांभाळलं. खरं तर उलटं झालं. माझी दहावी अर्धी राहिली होती, ती तू करून घेतलीस. चुलीजवळ बसून मला समीकरणं शिकवायचीस आणि भाकर करपली की दोष स्वतःवर घ्यायचीस. अंगणवाडीचा अर्ज तूच भरलास. माझ्या नावापुढे आज 'सेविका' लागतं, ते तुझ्यामुळे. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नाही. आपल्या घरात असं बोलायची पद्धतच नाही.

पुढे तू अमरावतीला रसायनशास्त्र शिकलीस, तिथंच एका कॉलेजात तासावर शिकवायला लागलीस आणि संशोधनही सुरू केलंस. एक दिवस फोन आला, "वैनी, मले एक पोतं माती पाठव. बांधाजवळची, हातभर खालची. जिथी कधी खत-फवारा पडला नाई अशी."

मी बाभळीखालची खणली. गच्चीवर वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली, आणि पोतं घेऊन एसटीपाशी गेले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, माती. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, अमरावतीत माती नाई भेटत का?" मी म्हटलं, आमच्या पोरीले आमचीच पायजे. गाडीतले सगळे हसले. मलाही हसू आलं, पण पोतं गाडीत चढताना बघून ऊर भरूनही आला होता. शेतात त्या साली दुसरं काही धड आलंच नव्हतं. निदान माती तरी कुणाला हवी होती.

मग तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवायला नेलंस. तो दिवस मी विसरत नाही. जाड हातमोजे घालून तू भट्टीचं दार उघडलंस आणि चिमट्यानं मूस बाहेर काढलीस. आत माझी माती होती. तिच्यात तू टाकणखार आणि सोडा मिसळला होतास. ती वितळून गुळाच्या पाकासारखी झाली होती, फक्त पाकाहून कितीतरी लाल. तू ती लोखंडी पाट्यावर ओतलीस. बघता बघता काळी काच झाली. मी म्हटलं, झालं? तू म्हणालीस, "नाई, आता खरं काम. काच फुटते वैनी. इले पुन्हा मंद आचेवर सहा तास ठेवाचं. मंग काचेच्या पोटात बारीक खडे वाढतात. जे विष धरून ठेवाचं, थे त्या खड्याइच्या आत जाऊन बसते, आन् भोवताल काच. दोन कुलपं." त्याला तू काच-सिरॅमिक म्हणायचीस. तयार झालेला तुकडा तू माझ्या तळहातावर ठेवलास. काचेसारखा चमकत नव्हता, दगडासारखा खरखरीत नव्हता. ओल्या चिंचोक्यासारखा होता.

तेव्हाच मी घाबरून विचारलं होतं, यात ते किरणांचं विष आहे का गं? तू हसलीस. म्हणालीस, यात त्याचा साधा भाऊ आहे. एकाच घरातले दोन भाऊ, एक बिघडलेला आणि एक सरळ, पण दोघांची रीतभात सारखीच. सरळ भावाला मातीनं धरून ठेवलं, तर बिघडलेल्यालाही धरून ठेवेल. तुझ्या हातून आयुष्यभर त्या सरळ, किरणं नसलेल्या भावाचंच मीठ गेलं, वंदू. गल्लीतल्या बायकांना हे मी कसं समजावणार होते?

ते सगळं भारनियमनात चाललं होतं. तुझी भट्टी आणि आपल्या विहिरीवरची मोटर एकाच रोगानं बंद पडायच्या. सहा तासांच्या आचेत चौथ्या तासाला वीज गेली, की तुकडे एकदम थंड होऊन तडकायचे. तू फोन करायचीस, "वैनी, आज पुन्हा फुटले." मी म्हणायचे, इथंही वाफे अर्धेच भिजले. फोनचे पैसे जायचे, पण ठेवावासा वाटायचा नाही.

आता अकोल्याचं लिहिते. ते टाळलं असतं तर बरं झालं असतं, पण टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात कायमच्या जागेसाठी तुझी मुलाखत होती. सोबत मी आले होते. तू अर्ध्या तासात बाहेर आलीस. चेहऱ्यावरूनच कळलं. एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर तू सांगितलंस, की त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. या भागातल्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग? तू सांगितलंस, की कधी कुठं अपघात झाला आणि अशी काळी माती बाधली, तर ती नुसती पुरून चालत नाही. आपली माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, पोटात काही स्थिर ठेवत नाही. ते एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, इथं कुठं व्हायचाय अपघात.

मी तुझी बाजू घ्यायला हवी होती. घरून फुटाणे आणले होते, ते तुझ्या हातात द्यायचे होते, पाठीवरून हात फिरवायचा होता. त्याऐवजी माझ्या तोंडातून तोच प्रश्न बाहेर पडला.

"त्याइचं काय चुकलं वंदू? बोंडअळीनं आपलं अर्धं शेत खाल्लं. विहिरीले पानी नाई. आन् जो रोग आलाच नाई, त्याचं औषध तू करून राहिली. काहून?"

"रोग आल्यावर औषध शिकाले वेळ नसते वैनी."

"आन् औषध काय, तर चांगल्या मातीचा दगड! त्याच्यात काय उगवन?"

"काईच नाई."

"मंग मेलीच ना थे माती?"

"मेली," तू शांतपणे म्हणालीस. "पन थे मंग दुसऱ्या कोनाले मारनार नाई. तीनशे वर्सं धरून ठेवन."

"तीनशे वर्सं! इथी पुढच्या हंगामाचा पत्ता नाई. तुह्या जिंदगीचाच दगड झाला, थे पाह्य आदी."

हे मी बोलले. अकोल्याच्या स्टँडवर, भर दुपारी, आजूबाजूच्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं. अमरावतीची गाडी लागली तेव्हा तू माझी पिशवी उचललीस, मला खिडकीची जागा दिलीस आणि सगळी वाट समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलीस.

दोन महिने तू घरी आली नाहीस. मग जणू काही झालंच नाही अशी आलीस, आणि मीही काही झालंच नाही अशा थाटात पोळ्या वाढल्या. त्यानंतर कितीदा मनात आलं, की म्हणावं, वंदू, त्या दिवशी माझं चुकलं. पण कधी तुझे दादा समोर असायचे, कधी तू घाईत असायचीस. आणि खरं सांगू? त्या दिवशी मी जे बोलले, त्यातलं थोडं मला अजूनही खरं वाटत होतं. म्हणूनच माफी जिभेवर येत नव्हती. आजही तू समोर असतीस, तर आपण त्याच ठिकाणी भांडलो असतो. फक्त ते शेवटचं वाक्य मी गिळलं असतं.

सव्वा महिन्यापूर्वी तुझा फोन आला. इतका आनंदी आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भारनियमन चुकवून चार तुकडे अखंड निघाले होते. चारही तुकड्यांत मिसळण थोडी थोडी वेगळी होती. आता शेवटची परीक्षा. चार बाटल्यांत शुद्ध पाणी, प्रत्येकीत एक तुकडा, आणि अठ्ठावीस दिवस गरम कपाटात. मग ते पाणी नागपूरला मोजायला जाणार. तुकड्यातून काय आणि किती निसटलं, ते पाण्यात उतरतं. "तुकडा काई सांगत नाई वैनी," तू म्हणालीस, "पानी सांगते. अकोल्यात तू इचारलं होतं ना? त्याचं उत्तर अजून मह्याजवळ नाई. पन तुह्या मातीनं धरून ठेवलं का सोडून देल्लं, इतकं तरी महिन्याभरात सांगते."

म्हणजे अकोला तूही विसरली नव्हतीस.

बाटल्या ठेवून बारा दिवस झाले आणि तुला ताप भरला. तेराव्या दिवशी दवाखान्यात भरती केलं. मी अंगणवाडीची रजा काढून तुझ्या उशाशी येऊन बसले. काविळीनं लोक मरत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत होते, स्वतःलाही. पण तुझं यकृत एकेक दिवस खचत गेलं. डॉक्टर आधी माझ्याशी बोलायचे, मग फक्त तुझ्या दादांशी बोलायला लागले, तेव्हा मी समजले.

तू गुंगीत असायचीस. मधेच डोळे उघडून विचारायचीस, "आज कितवा?" मी म्हणायचे, नववा. दवाखान्यातला नववा दिवस. तू मान हलवायचीस. "नाई. एकवीस." मला वाटायचं, ही भ्रमात आहे.

आणि त्याच संध्याकाळी तू माझं मनगट धरलंस. बोटांत जोर नव्हता. "वैनी, पानी फेकजो नको."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे सगळं बाधलेल्या पाण्यानं झालं. म्हणून मी घरून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणून तुला चमच्यानं पाजत होते. मला वाटलं, तू त्याबद्दल म्हणतेयस. मी म्हटलं, "नाई फेकत बाई. भरून ठेवलं आहे." तू डोळे मिटलेस. चेहरा सैल झाला. मला बरं वाटलं, की निदान माझं एक उत्तर तुला पटलं.

तुला बाटल्यांतलं पाणी म्हणायचं होतं, हे मला तेरवीच्या दिवशी कळलं. तोवर तू जाऊन बारा दिवस उलटले होते.

मधल्या दिवसांत जे झालं, तेही सांगते. तुझी रक्षा घेऊन आम्ही कौंडण्यपूरला गेलो. तुझ्या अमरावतीच्या खोलीतून सामान आणलं होतं, त्यात एक खोका होता. जुन्या तुकड्यांचा, चाळीसएक असतील, प्रत्येकावर तुझ्या अक्षरातला आकडा. गावातल्या लोकांनी तुझ्या दादांना सांगितलं होतं, की ते घरात ठेवायचे नाहीत. गल्लीतली पोरं आजारी पडली तर तुमच्यावर येईल. नदीकाठी रक्षा सोडून झाल्यावर ते गाडीकडे गेले आणि खोका घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, त्यात काई नाई. साधी माती आहे आपली." ते म्हणाले, "मले माईत आहे. पन लोकाइले माईत नाई ना." आणि वर्धेच्या पात्रात मूठमूठ टाकत गेले. टाकताना रडत होते, वंदू. तुझ्या दादांना तुझी भीती नव्हती, हे मला सांगायचंय. त्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं. मलाही राहायचं आहे. मी त्यांचा हात धरला नाही.

तेरवीची माणसं जेवून गेल्यावर मी तुझी पर्स उघडली. त्यात लहान डायरी होती. शेवटच्या पानावर चार बाटल्यांचे आकडे, कोणत्या तुकड्यात काय मिसळलं ते, आणि खाली दोनदा रेघ ओढून, 'दिवस २८. पाणी गाळून चार वेगळ्या कुप्यांत. फेकायचे नाही.' मी बोटांवर मोजलं. तू तेविसाव्या दिवशी गेलीस. अठ्ठावीस कधीच उलटून गेले होते. पण मनात आलं, बंद कपाटात, घट्ट झाकणात पाणी कुठं जाणार? उशीर झाला असला, तरी उत्तर तिथंच असेल. तुझ्यासाठी करण्यासारखं एक काम माझ्या हातात उरलंय, असं वाटून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा धड श्वास घेता आला. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी अमरावतीला गेले. पिशवीत चार स्वच्छ कुप्या घेतल्या होत्या.

तुझ्या प्रयोगशाळेचा शिपाई देवराव मला ओळखत होता. मला बघताच त्याचा बांध फुटला. किल्ली घेऊन पुढे झाला, कुलूप काढलं. खोली लख्ख होती. भट्टीवर कापड घातलं होतं. गरम कपाटाचं दार उघडं होतं आणि ते थंड होतं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चार पांढऱ्या बाटल्या उपड्या ठेवल्या होत्या.

"मॅडमची बातमी आली, त्याच दिवशी सारं साफ केलं," देवराव म्हणाला. "बाटल्या सोडा लावून धुतल्या. चिठ्ठ्या चिकटल्या होत्या, त्याबी भिजवून काढल्या."

"आन् त्यातलं पानी?"

"कोनतं पानी?"

"बाटल्याइतलं, देवरावभाऊ."

"थे फेकलं. तीन हप्त्याचं शिळं पानी होतं बाई." मग काहीतरी आठवून त्यानं कपाटातून एक बरणी काढली. "पन हे खडे जपून ठेवले."

बरणीत चार तुकडे होते. मी ओंजळीत घेऊन बघितले. उजेडाकडे धरले. चारही सारखेच होते. कोणता कोणत्या बाटलीतला, आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

माझ्याकडे बघून देवरावचा चेहरा पडला. "काई चुकलं का बाई? मॅडमले घान आवडे नाई. मनलं, त्याइच्या मागं कोनी येऊन नावं ठेवाले नोको."

त्याच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. सोड्यानं बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या.

"नाई," मी म्हटलं. "चांगलं केलं तुमी."

त्याला बरं वाटलं. त्यानं एक बाटली उचलली, सदऱ्याच्या टोकानं पुन्हा आतून पुसली आणि मला दिसावं म्हणून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"पाहा बाई," तो म्हणाला. "एक डाग नाई ठेवला."